सातवं पाणी

“मग ओळखा पाहू बाई, या सगळ्यात मोठा ठिपका कोणाचा?”

सौमित्र घैसासने लॅपटॉप बाईंकडे वळवला. पडद्यावर शेकडो ठिपके होते, आणि प्रत्येकातून बारीक रेषा निघून दुसऱ्यात गेलेल्या. बहुतेक ठिपके मोहरीएवढे. मधोमध एकच लाल ठिपका, चांगला बोराएवढा.

उपासनी बाईंनी चष्मा पुसला आणि पाहिलं.

“तुमचा!” शेवटी तोच म्हणाला. त्याच्याने राहवत नव्हतं.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो होतो. घाटाखालच्या या तालुक्याच्या गावात मी तीस वर्षं कॉलेजचा ग्रंथपाल होतो. आता निवृत्त आहे. दर गुरुवारी बाईंकडे जुनी मासिकं घेऊन जातो, म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. त्या गुरुवारी मला ताप आला असता तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

बाई आमच्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. आता एक्क्याऐंशीच्या. सौमित्र त्यांचा विद्यार्थी. पंचवीस वर्षांपूर्वी पहिला आला, शहरात गेला, मोठा झाला. त्याचं काम काय, तर कोणता शास्त्रज्ञ आपल्या लेखात कोणाच्या लेखाचा दाखला देतो ते शोधायचं, मोजायचं, आणि त्याचा नकाशा काढायचा. ज्याचे दाखले जास्त, त्याचा ठिपका मोठा.

“आणि या रेषा?” बाईंनी विचारलं.

“तीच तर गंमत आहे. एकाने दुसऱ्याचा दाखला दिला की एक रेषा. ज्ञान कुठून निघालं, कुठे पोचलं, सगळं दिसतं. पूर्वी हे कोणालाच दिसत नव्हतं बाई.”

“आणि माझ्या ठिपक्याला किती रेषा?”

“दोनशे शहाऐंशी.”

बाईंनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं.

“ऐकलंस का गं बुधी? दोनशे शहाऐंशी.”

आतून भांड्याचा आवाज आला. मग बुधीचा.

“चवथा पाणी टाकला, बाय.”

बुधी म्हणजे बाईंच्या घरातली बाई. वरच्या पाड्यावरची. चाळीस-बेचाळीस वर्षं बाईंजवळच आहे, बाईंचं दुसरं माणूस नाही. सकाळपासून ती आत काहीतरी उकळत होती. घरभर एक कडवट वाफ भरली होती. सौमित्रला वाटलं, जेवणाचा बेत आहे.

“कशाला एवढं करताय माझ्यासाठी?” तो म्हणाला.

“तुझ्यासाठीच करतेय,” बाई म्हणाल्या.

*

तो आला होता एका मानाच्या कामासाठी.

यंदा पावसाने पाठ फिरवली होती. वरच्या पाड्यांवर धान्य नव्हतं. अशा वर्षी तिथली माणसं घोटकांदा खातात. रानातला कंद, दिसायला रताळ्यासारखा, आणि विषारी. जिल्ह्याने एक समिती नेमली होती. कंद कसा शिजवला की चालतो, याचं पत्रक काढून पाड्यापाड्यावर वाटायचं ठरलं होतं. कोणती पद्धत भरवशाची, हे सांगायला समितीने सौमित्रला बोलावलं. त्याने नकाशा काढला. नकाशाने उत्तर दिलं.

कंद सात पाण्यांत उकळायचा. दर वेळी पाणी टाकून द्यायचं. सातव्या पाण्यानंतर खायचा.

ही पद्धत चव्वेचाळीस वर्षांपूर्वी उपासनी बाईंनी एका इंग्रजी मासिकात मांडली होती.

“सोमवारी पत्रक छपाईला जातंय,” तो म्हणाला. “पन्नास हजार प्रती. वर तुमचा फोटो टाकायचा आहे. खाली तुमचे दोन शब्द. मी समितीला सांगितलं, ही आमच्या बाईंची विद्या आहे.”

“फोटो नाही दिला तर?”

“तरी पत्रक निघेल. मजकूर मंजूर झालाय. हा फक्त तुमचा मान.”

“आणि मी म्हटलं, ते पत्रक काढू नका… तर?”

सौमित्र हसला. बाई विनय करताहेत असं त्याला वाटलं असावं.

“बाई, दोनशे शहाऐंशी दाखले आहेत.”

“किती जणांनी वाचलाय?”

“तेच सांगतोय. दोनशे—”

“दाखला किती जणांनी दिला ते नाही विचारलं. वाचलाय किती जणांनी?”

समजूत घालावी तशा आवाजात तो म्हणाला, “वाचल्याशिवाय कोणी दाखला कसा देईल?”

आतून बुधी म्हणाली, “पाचवा टाकला.”

*

बाईंनी हाताने पडद्याकडे खूण केली.

“यातला कुठलाही एक लेख उघड. शेवटी यादी असते ना, कोणाकोणाचा आधार घेतला त्याची? त्यात माझ्या लेखाचं पान कितवं दिलंय?”

त्याने उघडला. “एकशे चौदा.”

“दुसरा उघड.”

“एकशे चौदा.”

“आणखी एक. लांबच्या देशातला.”

“एकशे चौदा, बाई. सगळीकडे तेच असणार.”

“ग्रंथपाल, तेवढा अंक काढता?”

मी उठलो. तो अंक कुठे आहे हे मला ठाऊक होतं. खालच्या फळीवर, डावीकडून तिसरा. मी उघडला, आणि बाईंनी न सांगताच वाचून दाखवलं.

“उपासनी यांचा लेख. पान एकशे एक्केचाळीस.”

“एकशे चौदावर काय आहे?”

मी पान उलटलं. “मत्स्यबीज नेण्याचे डबे. त्यांत हवा कशी खेळती ठेवावी.”

सौमित्रने अंक माझ्या हातातून घेतला. स्वतः पाहिलं. मग तो लॅपटॉपवर भराभरा काहीतरी करू लागला. दहा मिनिटं गेली. मला वाटलं, लागलं याला. मनात म्हटलं, बरं झालं.

“सगळ्यांत,” तो म्हणाला. “दोनशे शहाऐंशीत. सगळ्यांत एकशे चौदा.”

“पहिल्याचा हात घसरला असेल,” बाई म्हणाल्या. “त्याला मी काही म्हणत नाही. बाकीच्यांनी पहिल्याच्या यादीतून उचललं. माझा अंक कोणी हातात धरला नाही.”

सौमित्रने मान वर केली. चेहरा उजळला होता.

“बाई, हे फार सुंदर आहे! यावर स्वतंत्र पेपर होईल. चूक कुठून कुठे गेली, रेषेरेषेने दाखवता येईल.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

माणूस हुशार असला की त्याला पायाखालची वाट दिसत नाही, असं माझे वडील म्हणायचे. ते मला उद्देशून म्हणायचे. मी काही तेवढा हुशार निघालो नाही, पण त्या दिवशी मला ते आठवलं.

*

“त्या लेखाची शेवटची ओळ वाचा,” बाई मला म्हणाल्या.

मी वाचली. इंग्रजीत होती. तिचा अर्थ एवढाच, की आमच्याकडच्या साधनांनी सातव्या पाण्यानंतर विष सापडलं नाही. चांगल्या साधनांनी पुन्हा तपासल्याशिवाय हे कोणाला खायला देऊ नये.

“हे मला माहीत नव्हतं,” सौमित्र म्हणाला.

“कोणालाच नव्हतं. पुढच्या दुष्काळात पत्रक निघालं. असंच. मला कोणी विचारलं नाही. मी वर्तमानपत्रात वाचलं… आणि सांगू? मला आनंद झाला. माझं नाव छापून आलं होतं.”

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला.

“सहावा, बाय.”

“तीन महिन्यांनी मी वर गेले. पाहायला गेले होते, आपली विद्या कशी उपयोगी पडली. माणसं विस्तवावरची भाकर नुसत्या हाताने उचलत होती. सगळा पाडा. हात जळत होते आणि त्यांना कळत नव्हतं. पोरांना चालताना पाय कुठे पडतो ते समजत नव्हतं. सात पोरं गेली, बुधीची धाकटी बहीण त्यातलीच. मला कोणी शिवी दिली नाही. मला बसायला घोंगडी टाकली.”

सौमित्रने लॅपटॉप अर्धा मिटला.

“विष जात नाही रे. पाण्याने नुसतं रूप बदलतं. माझ्या साधनाला दिसेनासं होतं, एवढंच. महिनाभर खाल्लं की हातापायातली जाण जाते. मी कंद घेऊन मोठ्या प्रयोगशाळेत गेले, पुन्हा सगळं तपासलं, दुरुस्ती लिहिली. त्याच मासिकाला पाठवली.”

“मग?”

“त्यांचं पत्र आलं. यात नवीन काही नाही, आणि जागाही नाही.”

“मग?”

“मग आपल्या जिल्ह्याच्या विज्ञान मंडळाच्या त्रैमासिकात छापली. मराठीत. खाणाऱ्यांना तरी कळावं म्हणून.”

सौमित्रने कपाळाला हात लावला. “मराठीत… आणि त्रैमासिकात. बाई, ते आमच्या यादीत येणारच नाही. आणि आलं असतं तरी शून्य दाखले. शून्यवाले ठिपके मी गाळतो.”

“का?”

“गाळावेच लागतात. नाहीतर पडदा नुसता भरून जातो, काही दिसतच नाही.”

“किती गाळलेस?”

“अर्ध्याहून जास्त,” तो हळूच म्हणाला.

इथे मला माझंही सांगितलं पाहिजे. बाईंच्या दुरुस्तीचा तो अंक आमच्या ग्रंथालयात आला होता. मीच त्यावर शिक्का मारला, मीच मागे तारखांची चिठ्ठी चिकटवली. बावीस वर्षं त्या चिठ्ठीवर एक तारीख पडली नाही. मग जागा अपुरी पडू लागली, आणि कोणी न नेलेली मासिकं काढून टाकायचं ठरलं. यादी मी केली. रद्दीवाल्याच्या गाडीवर ते गठ्ठे मी स्वतः चढवून दिले. तो अंक कशाबद्दल आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मी तो कधी उघडला नव्हता. त्यामुळे सौमित्रवर रागवायला मी बसलो की माझी जीभ अडते.

*

“तुम्ही त्या लोकांना कळवायचं होतं,” सौमित्र म्हणाला. “ज्यांनी दाखले दिले त्यांना.”

बाईंनी शेजारचा पत्र्याचा डबा उघडला. पूर्वी शास्त्रज्ञ एकमेकांना कार्डं पाठवायचे. तुमच्या अमुक लेखाची एक प्रत कृपया पाठवा, असं त्यावर छापलेलं असायचं, आणि लेखाचं नाव हाताने भरायचं. डब्यात तशी चार कार्डं होती. परदेशी तिकिटांची.

“तेव्हा दाखले देणारे एकोणीस होते. एकोणीस जणांना मी हाताने पत्र लिहिलं. माझा लेख चुकला आहे, त्याचा आधार घेऊ नका, दुरुस्ती पाठवते म्हणून. चौघांचं उत्तर आलं.”

सौमित्रने एकेक कार्ड पाहिलं. पुन्हा पाहिलं.

“यांनी तर पहिलाच लेख मागितलाय.”

“हो ना,” बाई म्हणाल्या. “मी पत्र लिहिलं म्हणून त्यांना आठवण झाली.”

मला हसू आलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

सौमित्र उठला. खिडकीपाशी गेला, परत आला. तो वाईट मुलगा नव्हे. त्याच्या तोंडावर घाम होता.

“सोमवारी मी समितीत बोलतो,” तो म्हणाला.

“काय बोलशील?”

“की पद्धत चुकीची आहे.”

“ते काय म्हणतील?”

उत्तर त्याला माहीत होतं, म्हणूनच देता येत नव्हतं.

“म्हणतील… पुरावा दाखवा. एका बाजूला दोनशे शहाऐंशी, दुसऱ्या बाजूला शून्य. मीच त्यांना तसं तोलायला शिकवलंय. महिनाभर शिकवलंय.”

“पण दोन्ही लेख माझेच आहेत.”

“तेच तर अवघड आहे बाई. तुमच्याविरुद्ध तुमचा शब्द टिकणार नाही.”

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

*

“सातवा टाकला, बाय.”

बुधी दारात आली. हातात पातेलं होतं, चुलीवरून तसंच उचललेलं. पातेल्यातून वाफा येत होत्या. तिच्या हातात फडकं नव्हतं.

सौमित्र दचकून उठला. “अहो, हात भाजेल!”

बुधीने त्याच्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, आणि ते सावकाश फरशीवर ठेवलं. तिच्या दोन्ही तळव्यांवर जुन्या डागांवर नवे डाग होते. कातडं पिवळट, चामड्यासारखं जाड.

“सवय असेल,” सौमित्र पुटपुटला.

“सवय नाही,” बाई म्हणाल्या. “ती तेव्हा अकरा वर्षांची होती.”

बाई स्वतः उठल्या. ताट घेतलं. पातेल्यातले चार कंद त्यात काढले, सोलले, वर मीठ घातलं, तिखटाची चिमूट टाकली. ताट सौमित्रपुढे ठेवलं. पाण्याचा तांब्या ठेवला. घरी आलेल्या माणसाला वाढावं तसंच.

“खा.”

तो ताटाकडे पाहत राहिला.

“माझ्याच लेखाप्रमाणे केलाय. सात पाणी. मी मोजत होते, तूही ऐकत होतास.”

“बाई…”

“एका ताटाने काही होत नाही. बुधीने महिनाभर खाल्लाय, तू एक घास खा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

त्याचा हात हलला नाही.

“का रे? दोनशे शहाऐंशी जण सांगताहेत, चालतो म्हणून.”

“तुम्ही सांगताय, चालत नाही.”

“मी एकटीच. माझं शून्य आहे.”

ताटातून अजून वाफ येत होती. बुधी उंबऱ्यावर बसली आणि स्वतःच्या हातांकडे पाहू लागली. पातेल्याचा काठ जिथे लागला होता तिथे फोड उठायला लागला होता. तिने तो बोटाने दाबून पाहिला, आणि पुन्हा दाबला.

सौमित्रच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं. मी समोरच होतो.

“मला काय करायला सांगता, बाई?”

“वाच.”

एवढंच. एकच शब्द म्हणाल्या.

कपाटाच्या वरच्या कप्प्यात सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता. छापखान्याने त्या दुरुस्तीच्या पन्नास सुट्या प्रती बाईंना दिल्या होत्या. गठ्ठ्यात एकोणपन्नास असाव्यात. बाईंनी वरची एक काढली, धूळ झटकली, त्याच्या हातात दिली. सोळा पानं. छापखाना लहान होता. घडी घातलेला कागद कडेने न कापताच पाठवायचे. सुरीने एकेक पान मोकळं करून वाचावं लागायचं. म्हणून बाईंनी प्रतीबरोबर एक बोथट सुरीही दिली.

*

सौमित्रने प्रत मांडीवर ठेवली. तळहाताने पुसली. वरचं नाव मोठ्याने वाचलं.

“घोटकांद्यातील विष: पूर्वीच्या निष्कर्षाची दुरुस्ती.”

“हो.”

“बाई, मी एक गोष्ट आत्ता करू शकतो. आत्ता, तुमच्यासमोर.”

त्याने लॅपटॉप ओढला. समितीसाठी केलेला त्याचा अहवाल उघडला. मुखपृष्ठावरून नाव, वर्ष, अंक, पान टिपून घेतलं. बोटं भराभर चालत होती. चेहऱ्यावर पुन्हा जीव आला होता. काही करता आलं की या मुलांना बरं वाटतं. आम्हा सगळ्यांनाच वाटतं म्हणा.

“माझ्या अहवालात तुमच्या दुरुस्तीचा दाखला दिला. आता नकाशा पुन्हा काढतो. गाळण्याची अट आजच्यापुरती काढून टाकली… हे बघा. आला!”

पडद्यावर लाल बोराच्या बाजूला एक नवा ठिपका उमटला होता. मोहरीएवढा. त्याला एकच रेषा, थेट सौमित्रच्या नावाकडे जाणारी.

“शून्य राहिलं नाही, बाई. सुरुवात झाली.”

“आणि सोमवारी?”

त्याचा चेहरा जरा उतरला. “सोमवारी मी मांडीन. मांडीनच. पण एका दाखल्यावर ते पत्रक थांबवतील असं… खोटं कशाला सांगू? या वर्षी नाही थांबणार. पुढच्या दुष्काळापर्यंत मात्र आपण दाखले वाढवू. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. वीस जण आहेत. वीसही जण दाखला देतील.”

बाई त्याच्याकडे पाहत होत्या. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला सोसलं असतं.

“काय लिहिलंय त्यात?” त्यांनी विचारलं.

“कशात?”

“दुरुस्तीत.”

“पूर्वीच्या निष्कर्षाची… म्हणजे तुम्ही आत्ता सांगितलंत तेच ना. विष जात नाही.”

“शेवटच्या तीन पानांवर काय आहे?”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्याची गाडी आली होती.

“गाडीत वाचतो, बाई. नक्की वाचतो.”

तो वाकला, बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. नुसतं वाकल्यासारखं नाही, अगदी कपाळ टेकवून. उठताना हुंदका आवरला. मला नमस्कार केला. बुधीलाही केला, आणि बुधी गोंधळून मागे सरकली. मग लॅपटॉप पिशवीत घातला, चपला चढवल्या आणि गेला.

गाडीचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला.

मग आमचं तिघांचंही लक्ष खुर्चीकडे गेलं. प्रत खुर्चीवरच राहिली होती. सुरीही. एकही पान कापलेलं नव्हतं.

मी ती उचलली. धावत गेलो असतो तर वळणावर गाडी गाठता आली असती. मी उठलोही. बाईंनी हातानेच बस म्हटलं.

मी बसलो. प्रत माझ्या हातात होती. शेवटच्या तीन पानांवर काय आहे हे मलाही माहीत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांची ओळख, दर गुरुवारचं येणं, आणि मलाही माहीत नव्हतं. मी विचारायला तोंड उघडलं…

“कंद कसे खणावे,” उंबऱ्यावरून बुधी म्हणाली. “दुसरा कंद हाय, बिनविषाचा. त्याचा पान कसा, येल कसा, कुठल्या आंगाला उगवतं, ता लिवलाय. बायनी वाचून दाखवला मला. ता खाल्ला तर कायपन नाय व्हत.”

तिने सौमित्रचं ताट उचललं. कंद निवले होते. ती ते घेऊन मागच्या दाराकडे निघाली, पुरायला. कुत्र्यांनीही खाऊ नये म्हणून ती खड्डा खोल खणते.

बाईंनी प्रत माझ्याकडून घेतली. गठ्ठा सोडला, प्रत होती तिथे वर ठेवली, आणि सुतळीची गाठ पुन्हा मारली.

“बुधी,” त्या म्हणाल्या.

“काय, बाय?”

“दोनशे सत्त्याऐंशी.”